थेरपीचे मशीन आणि पोलिसांची टेझर: स्नायूंना दिल्या जाणाऱ्या विजेबाबत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात फिजिओथेरपीसाठी येणारे रुग्ण, त्यांचे नातेवाईक, कायद्याचे विद्यार्थी आणि बंदोबस्ताचे काम केलेले काही पोलीस कर्मचारी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे जातात. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. प्रत्यक्ष तपासणीला ही माहिती पर्याय नाही.

१. फिजिओथेरपीत लावतात तो ‘करंट’ आणि पोलिसांची टेझर, ही मुळात एकच गोष्ट आहे का?

शरीरात घडणारी मूळ क्रिया एकाच जातीची आहे. टेझर म्हणजे तारेला बांधलेले बाण सोडून विजेचा झटका देणारे शस्त्र. दोन्ही ठिकाणी विजेचे अतिशय लहान ठोके नसेला चेतवतात आणि नस तो संदेश स्नायूपर्यंत नेते. फरक पडतो तो तीन गोष्टींनी: प्रत्येक ठोक्यात किती वीज जाते, ती शरीराच्या केवढ्या भागातून जाते आणि बटण कोणाच्या हातात असते. पहिले दोन फरक आकड्यांत मांडता येतात; त्यांतला पहिला प्रश्न ४ मध्ये आणि दुसरा प्रश्न ८ मध्ये दिला आहे. तिसरा फरक आकड्यांत बसत नसला तरी तो तितकाच महत्त्वाचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. दवाखान्यात रुग्णाने ‘बस’ म्हटले की मशीन तिथेच थांबते. शस्त्राची रचनाच समोरच्याच्या इच्छेविरुद्ध चालण्यासाठी केलेली असते.

२. वीज लावल्यावर स्नायू आकसतो तो का?

कारण आपली स्वतःची चेतासंस्थाही विद्युत संदेशांवरच चालते. इटलीतील बोलोन्या येथे लुइजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांवर केलेले प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून या विषयाच्या अभ्यासाला खरी सुरुवात झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समधील वैद्य दुशेन यांनी त्वचेवर ओले इलेक्ट्रोड ठेवून एकेक स्नायू स्वतंत्रपणे आकसवता येतो, हे दाखवून दिले. आजची उपचाराची मशीन त्याच पद्धतीची पुढची पायरी आहे.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावा, कारण पुढची बरीच उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. थेरपीचे मशीन काय किंवा टेझर काय, थेट स्नायूच्या तंतूंना सहसा चेतवत नाही. ती स्नायूकडे जाणाऱ्या नसेला चेतवते. नसेला चेतवायला सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपासचा ठोका पुरतो. नसच तुटलेली असेल, तर त्याच स्नायूला कितीतरी लांब, म्हणजे दहा मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक काळ टिकणारा ठोका द्यावा लागतो.

३. टेन्स, आयएफटी आणि ‘स्टिम’ यांत फरक काय? मला तिन्ही सारखेच वाटतात.

पॅड सारखे दिसतात, म्हणून गोंधळ होतो. टेन्सचा हेतू वेदना कमी करण्याचा असतो. त्यात साधारणपणे स्नायू आकसू न देता फक्त मुंग्या जाणवतील इतकाच करंट ठेवतात. आयएफटीमध्ये चार पॅड लावून सुमारे ४,००० हर्ट्झच्या दोन जवळपासच्या लहरी शरीरात एकमेकींवर पडतील असे पाहतात. एक ४,००० आणि दुसरी ४,१०० हर्ट्झची असेल, तर त्यांच्या फरकाची, म्हणजे १०० हर्ट्झची स्पंदने आतल्या भागात मिळतात. ज्याला रुग्ण ‘स्टिम’ म्हणतात त्या स्नायू-उत्तेजनात मात्र स्नायू दिसेल असा आकसवणे हाच उद्देश असतो. टेझरशी तुलना करायची ती या तिसऱ्या प्रकाराशी.

४. आकड्यांत सांगा: टेझरचा झटका थेरपीपेक्षा किती पट मोठा असतो?

कोणता आकडा घेता यावर उत्तर अवलंबून आहे आणि बहुतेक गैरसमज येथेच जन्माला येतात.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मांडीच्या स्नायूला देतात तो नेहमीचा करंट उदाहरणादाखल घेऊ. ६० मिलिअँपिअरचा, ३०० मायक्रोसेकंदांचा ठोका सेकंदाला ४० वेळा दिला, तर प्रत्येक ठोक्यात १८ मायक्रोकुलोम इतका विद्युतभार जातो. आता २००३ मध्ये आलेले आणि जगभर सर्वाधिक अभ्यासले गेलेले टेझरचे एक्स-२६ हे मॉडेल पाहा. त्याचा ठोका सुमारे १०० मायक्रोसेकंदांचा असतो, सेकंदाला साधारण १९ ठोके पडतात आणि प्रत्येक ठोक्यात सुमारे १०० मायक्रोकुलोम भार जातो. म्हणजे भाराच्या हिशेबाने टेझरचा ठोका पाच-सहा पट मोठा भरतो. शिखर-करंट पाहिला तर एकीकडे ०.०६ अँपिअर आणि दुसरीकडे सुमारे ३ अँपिअर, म्हणजे पन्नास पट. सरासरी करंट काढला तर मात्र थेरपीचा एक मिलिअँपिअरच्या आत आणि टेझरचा दोनच्या आसपास येतो. हाच शेवटचा आकडा पुढे करून ‘टेझर म्हणजे थेरपीच्या मशीनसारखीच’ असे कोणी सांगितले, तर तो आकडा खरा असूनही निष्कर्ष चुकीचा आहे हे ध्यानात घ्यावे. नस चेतते ती प्रत्येक ठोक्यातील भारामुळे. दोन ठोक्यांमधील शांत काळ धरून काढलेल्या सरासरीशी नसेला काही देणेघेणे नसते.

आणखी एक फरक असा की, थेरपीचा ठोका बहुधा दोन्ही दिशांना समतोल असतो, जेणेकरून पॅडखालच्या त्वचेवर रासायनिक जळजळ होऊ नये. एक्स-२६ चा ठोका मुख्यतः एकाच दिशेचा असतो.

५. टेझर ५०,००० व्होल्टची असूनही माणूस बहुधा वाचतो, आणि आमच्याकडे दर उन्हाळ्यात २३० व्होल्टच्या कूलरला चिकटून माणसे मरतात. हे कसे?

हा नागपूरचाच प्रश्न आहे आणि सर्वांत उपयोगी प्रश्नही हाच आहे. व्होल्टचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. हिवाळ्यात कोरड्या हवेत लोकरी ब्लँकेट झटकताना जी ठिणगी उडते तीही काही हजार व्होल्टची असते. टेझरचे ५०,००० व्होल्ट हवेतून आणि कपड्यांतून ठिणगी पोहोचवण्यापुरते असतात. शरीराशी जोडणी झाल्यावर हा दाब सुमारे १,२०० व्होल्टपर्यंत खाली येतो, ठोका क्षणार्धात संपतो आणि मागे उभी असते ती केवळ एक लहान बॅटरी.

कूलरमागे महावितरणचे अख्खे जाळे उभे असते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून ओल्या हाताने कूलरच्या पत्र्याला स्पर्श केला, तर शरीराचा रोध हजार ओहमच्या आसपास येतो आणि २३० व्होल्टला २०० मिलिअँपिअरहून अधिक करंट हातातून छातीमार्गे पायाकडे वाहू लागतो. सुमारे दहा मिलिअँपिअरपलीकडेच हाताची पकड सुटेनाशी होते, म्हणूनच माणूस ‘चिकटतो’. ५० हर्ट्झचा हा प्रवाह अखंड चालू राहतो आणि हृदयाचे ठोके विस्कटवायला तो पुरेसा असतो. घरात ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवणे, कूलरला अर्थिंगची तीन पिनांची जोडणी असणे आणि पाणी भरण्यापूर्वी पिन काढून ठेवणे, या तीन गोष्टी टेझरबाबतच्या कोणत्याही चर्चेपेक्षा अधिक जीव वाचवतील.

६. शेताला लावतात ते झटका मशीन यात कुठे बसते?

रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी विदर्भात जे झटका मशीन वापरतात, ते तत्त्वाने टेझरच्या अधिक जवळ आहे: व्होल्ट हजारांत, ठोका अत्यंत अल्प आणि दोन ठोक्यांमध्ये किमान एक सेकंदाचे अंतर. आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रत्येक ठोक्याची ऊर्जा पाच ज्यूलच्या वर जाऊ देत नाहीत. जनावर दचकून मागे हटते व सुटते. तारेत थेट घरगुती वीज सोडणे ही पूर्णपणे वेगळी, बेकायदेशीर आणि जीवघेणी गोष्ट आहे. तिने माणसेही मेली आहेत आणि वाघही. कारण प्रश्न ५ मधलेच आहे.

७. माझ्या आईचा गुडघा बदलला आहे. तिला स्टिम लावणार म्हणतात. टेझरसारखे वाटेल का?

नाही. मांडीच्या पुढच्या बाजूला दोन रुंद पॅड लावतात आणि करंट शून्यापासून हळूहळू वाढवतात. आधी मुंग्या येतात, मग आत काहीतरी फडफडल्यासारखे वाटते आणि त्यानंतर स्नायू घट्ट होऊन गुडघ्याची वाटी वरच्या दिशेने सरकताना डोळ्यांनी दिसते. शस्त्रक्रियेनंतर हा स्नायू जणू आदेश पाळायचेच विसरलेला असतो, म्हणून ती वाटी सरकताना पाहून अनेक रुग्णांचे डोळे भरून येतात. सुरुवातीला साधारण दहा सेकंद आकुंचन आणि पन्नास सेकंद विश्रांती असा क्रम ठेवतात.

एवढी विश्रांती देण्याला कारण आहे. आपण स्वतःहून पाय उचलतो तेव्हा मेंदू आधी लहान, चिवट तंतू कामाला लावतो आणि तंतूंच्या पाळ्या बदलत राहतो. विजेने चेतवल्यावर त्याच त्या नसांतून तेच ते तंतू एकाच वेळी राबतात, त्यामुळे स्नायू फार लवकर थकतो. आईंना सांगा की करंट येताना त्यांनी स्वतःही गुडघा सरळ करण्याचा प्रयत्न करावा. नुसते मशीनवर सोडून पडून राहिल्यास फायदा कमी होतो.

८. मग टेझर लागल्यावर माणूस एकदम कोसळतो कसा?

दाबलेल्या वायूच्या जोरावर तारेला बांधलेले दोन आकडेदार बाण सुटतात. प्रत्येकाचे टोक एक सेंटिमीटरच्या आसपास लांबीच्या, माशाच्या गळासारखा काटा असलेल्या सुईचे असते. अंतर वाढेल तसे दोन बाण एकमेकांपासून दूर जात शरीरात शिरतात आणि त्यांच्यामधल्या सगळ्या भागातल्या नसा एकदम चेततात. बाण छाती-पोट आणि मांडी असे लांब रुतले, तर धड व पाय यांचे मोठे स्नायू एकाच वेळी आकसतात. सेकंदाला एकोणीस ठोक्यांच्या गतीत स्नायूला सैल पडायला सवडच मिळत नाही, त्यामुळे इच्छा असूनही हालचाल करता येत नाही. एका दाबाला हे पाच सेकंद चालते. थांबल्यावर बहुतेक माणसे लगेच हातपाय हलवू शकतात.

दोन बाणांमधील अंतर एका फुटापेक्षा बरेच कमी असेल, तर हा परिणाम अनेकदा मिळत नाही आणि उरते ती केवळ वेदना. एक बाण चुकला तर मंडलच पूर्ण होत नाही.

९. बाजारात मिळणारी स्टन गन किंवा शॉकची काठी म्हणजेच टेझर का?

नाही. हातातली स्टन गन शरीराला टेकवावी लागते आणि तिची दोन टोके जेमतेम काही सेंटिमीटर अंतरावर असतात. त्यामुळे प्रश्न ८ मध्ये सांगितलेला सर्वांगाचा परिणाम होत नाही. ती दुखवते, थांबवत नाही. टेझरही बाणांशिवाय अंगाला टेकवून वापरता येते, पण तेव्हा तीही दुखवणारे साधनच ठरते. अमेरिकेतील पोलीस अधिकाऱ्यांच्या संशोधन मंडळाने २०११ च्या मार्गदर्शक सूचनांत केवळ वेदना देऊन आज्ञा पाळायला लावण्यासाठी असा वापर करण्यापासून परावृत्त केले आहे. आम्हालाही तो समर्थनीय वाटत नाही.

१०. टेझरने मृत्यू होतो का?

क्वचित होतो, आणि ‘होतच नाही’ किंवा ‘नेहमीच होतो’ या दोन्ही टोकांपासून सावध राहावे.

हृदयाच्या स्नायूला चेतवायला नसेपेक्षा कितीतरी लांब, मिलिसेकंदांच्या घरातील ठोका लागतो. टेझरचा ठोका त्यामानाने फार अल्प असल्याने निरोगी प्रौढांमध्ये हृदयाला धोका कमी राहतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय न्याय संस्थेच्या २०११ च्या अहवालाचा रोखही साधारण असाच होता. तरीही, बाण छातीवर हृदयाच्या अगदी जवळ रुतल्यास गणित बदलते. उत्पादक कंपनीनेच ऑक्टोबर २००९ मध्ये शक्य तेथे छातीवर नेम न धरण्याची सूचना दिली. हृदयरोगतज्ज्ञ डग्लस झाइप्स यांनी २०१२ मध्ये टेझरनंतर हृदय बंद पडलेल्या आठ व्यक्तींची प्रकरणे मांडली. पंधरा सेकंदांहून अधिक एकूण झटका, दम लागेपर्यंत झालेली झटापट, अमली पदार्थांचा अंमल किंवा आधीचा हृदयविकार असेल, तर धोका वाढतो असे मानून पोलिसांना प्रशिक्षण दिले जाते.

याहून सरळ धोका पडण्याचा आहे. आकसलेला माणूस हात पुढे करून स्वतःला सावरू शकत नाही, डोके थेट जमिनीवर आदळते. मे २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील कूमा येथे वृद्धाश्रमातील, वॉकर घेऊन चालणाऱ्या ९५ वर्षांच्या आजींवर पोलिसाने टेझर चालवली. पडून डोक्याला झालेल्या इजेने त्यांचा मृत्यू झाला आणि त्या पोलिसावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा शाबित झाला. उंच कठड्यावर, पाण्याच्या काठाशी किंवा पेट्रोलचा वास असलेल्या जागी टेझर वापरू नये ते याच जातीच्या कारणांसाठी: पडणे, बुडणे आणि ठिणगीने पेट घेणे. तीव्र आकुंचनाने पाठीच्या मणक्याला चीर पडल्याचीही नोंद आहे.

११. थेरपीचा करंट कोणी टाळावा?

पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले विद्युत उपकरण असणाऱ्यांनी हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय लावून घेऊ नये. गरोदरपणी पोटावर व कमरेवर, मानेच्या पुढच्या बाजूला, गाठ किंवा कर्करोगाच्या जागेवर, पायाच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी असल्यास त्या पायावर आणि अपस्माराच्या रुग्णांना डोके-मानेवर पॅड लावत नाहीत. बधिर त्वचेबद्दल प्रश्न १७ पाहावा.

१२. एकच वीज टेन्समध्ये वेदना घालवते आणि टेझरमध्ये वेदना देते, हे विरोधाभासी नाही का?

वेगवेगळ्या नसांची संवेदनक्षमता वेगवेगळी असते. स्पर्शाचे संदेश वाहणारे जाड तंतू थोड्या करंटला चेततात; वेदनेचे बारीक तंतू चेतवायला जास्त करंट लागतो. टेन्स पहिल्या गटापुरती थांबते. स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात, हा मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेला ‘द्वार नियंत्रण’ सिद्धांत तिच्यामागे आहे. टेझरचा ठोका एवढा मोठा असतो की जाड-बारीक सगळेच तंतू एकदम चेततात.

१३. मनोरुग्णालयात देतात ती शॉक ट्रीटमेंटही हीच का?

हिचा या दोन्हींशी संबंध नाही. विद्युत-आक्षेप उपचारात वीज मेंदूला दिली जाते आणि हेतू नियंत्रित फिट (अपस्मारासारखा झटका) घडवण्याचा असतो. स्नायूंचे आकुंचन तर औषधाने मुद्दाम थोपवले जाते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय हा उपचार करण्यास बंदी आहे. नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय असल्याने हा प्रश्न वारंवार येतो. चित्रपटांत दिसणाऱ्या दृश्यांवरून नातेवाइकांनी उपचार नाकारू नये, अशी कळकळीची विनंती आहे.

१४. ऑनलाइन मिळणारा पोटाचा पट्टा लावून वजन कमी होते का?

होत नाही. स्नायू थोडाफार कसला जाऊ शकतो, चरबी वितळत नाही. पूर्ण शरीराचा सूट घालून पहिल्याच दिवशी जोरात करंट घेतल्यास स्नायू फुटून त्यातील द्रव्ये मूत्रपिंडावर ताण आणू शकतात. अशा सत्रानंतर लघवी गडद चहासारखी झाली आणि अंग असह्य दुखू लागले, तर वाट न पाहता मेडिकल, मेयो (नागपूरची शासकीय रुग्णालये) किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे. नागपूरच्या मे महिन्यातील उकाड्यात, पाणी कमी प्यायलेले असताना, हा धोका अधिक गंभीर मानावा.

१५. कोठडीत विजेचे झटके दिल्याचे आरोप होतात. त्याबाबत कायदा आणि वैद्यकशास्त्र काय म्हणते?

वीज कोणत्या उपकरणातून आली याने फरक पडत नाही. बांधलेल्या किंवा ताब्यातील माणसाला कबुलीसाठी झटका देणे हा भारतात गुन्हाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात १९९६ मध्ये अटकेतील व्यक्तीची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करण्याचा आदेश दिला. भारताने १९९७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर सही केली, मात्र त्याचे अनुसमर्थन अद्याप केलेले नाही. याच कराराखालील समितीने नोव्हेंबर २००७ मध्ये पोर्तुगालच्या संदर्भात, टेझर एक्स-२६ मुळे होणाऱ्या तीव्र वेदना छळाचा प्रकार ठरतात, असे मत नोंदवले. युरोपीय संघाने २००५ च्या नियमाने कैद्याच्या अंगाला बांधायच्या शॉक-पट्ट्यांच्या व्यापारावर बंदी घातली आहे.

विजेच्या खुणा लहान असतात आणि लवकर पुसट होतात, म्हणून तपासणी लवकर व्हावी लागते. डॉक्टरांसाठी इस्तंबूल प्रोटोकॉल हा छळाच्या खुणा तपासून नोंदवण्याबाबतचा, संयुक्त राष्ट्रांचा १९९९ चा, २०२२ मध्ये सुधारलेला दस्तऐवज मार्गदर्शक आहे. ‘हे तर थेरपीइतकेच आहे’ असा बचाव कोणी केला, तर प्रश्न ४ मधील आकडे आणि प्रश्न १ मधील संमतीचा मुद्दा दोन्ही त्याच्यासमोर ठेवावेत. संमती नसेल, तर खुद्द थेरपीचे मशीन लावणेही उपचार ठरत नाही.

१६. स्वसंरक्षणासाठी स्टन गन पर्समध्ये ठेवली तर चालेल का?

शस्त्र अधिनियम १९५९ मधील ‘शस्त्र’ या संज्ञेची व्याख्या व्यापक असून हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेल्या वस्तू तिच्यात येतात. ऑनलाइन विकली जाते म्हणून ती बाळगणे कायदेशीर आहे, असे समजू नये. खरेदीपूर्वी पोलीस आयुक्तालयाकडे लेखी विचारणा करावी. अडचणीत ११२ वर फोन करणे आणि तेथून निसटणे हाच आमचा सल्ला. कारण प्रश्न ९ मध्ये सांगितल्याप्रमाणे ही वस्तू हल्लेखोराला थांबवेलच असे नाही.

१७. पायाला लकवा असलेल्या माणसावर थेरपी किंवा टेझर चालेल का? आणि मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर?

हा प्रश्न अवघड आहे, कारण ‘लकवा’ या एका शब्दाखाली दोन भिन्न अवस्था येतात. पक्षाघातात किंवा मज्जारज्जूच्या वरच्या भागाला इजा झाल्यास मेंदूचा आदेश खाली पोहोचत नाही, पण मज्जारज्जूपासून स्नायूपर्यंतची नस शाबूत असते. अशा पायाला करंट लावल्यास तो आकसतो. पक्षाघातानंतर लोंबणारे पाऊल चालताना नेमक्या क्षणी उचलून देणारी उपकरणे याच आधारावर बनली. लिबरसन यांनी असे पहिले उपकरण १९६१ मध्ये मांडले. त्याच न्यायाने टेझरही अशा पायाला आकसवेल. पोलिओत मात्र मज्जारज्जूतील त्या नसांच्या पेशीच नष्ट झालेल्या असतात, त्यामुळे नेहमीच्या अल्प ठोक्यांना तो स्नायू जवळजवळ प्रतिसाद देत नाही. चेहऱ्याच्या लकव्यात नस कितपत जगली आहे यावर सगळे अवलंबून असते.

मधुमेहाने बधिर झालेल्या पायाचा धोका वेगळा आहे. ‘सहन होईल तेवढाच करंट’ हा आमचा सगळ्यांत महत्त्वाचा मापदंड तेथे निरुपयोगी ठरतो. रुग्ण ‘काहीच कळत नाही, वाढवा’ म्हणत राहतो आणि पॅडखालची कातडी भाजते. म्हणून पॅड लावण्यापूर्वी टोकदार आणि बोथट स्पर्श ओळखू येतो का, हे डोळे मिटवून तपासून घ्यावे, तुमच्या फिजिओथेरपिस्टने तसे केले नाही तर ते करण्याची विनंती करावी, आणि घरी स्वतःच्या मशीनने बधिर पायाला करंट लावू नये.